उन्हाची खिडकी

थंडी पडायच्या आधी बाग आवरायची म्हटलं की आमच्या ह्यांच्या अंगात येतं. टोमॅटोची वाळकी झाडं उपटायची, आधाराच्या काठ्या धुऊन मोळी बांधायची, पाण्याची नळी रिकामी करून गुंडाळायची, लसणाच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरायचा. हिरवे राहिलेले टोमॅटो मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरते आणि हे मागे उभे राहून माझं कसं चुकतंय ते सांगतात. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, बरोबर कसं गुंडाळायचं ते अजून करून दाखवलेलं नाही.

यंदाही सगळं आटोपलं. खिडक्यांच्या फटीत कापडाच्या पट्ट्या कोंबून झाल्या, रजयांना ऊन दाखवून झालं. राहिल्या त्या मिरच्यांच्या चार कुंड्या. मिरचीचं झाड थंडीतून वाचलं तर पुढच्या वर्षी पुन्हा फळतं. ह्यांची सगळ्यात जुनी मिरची सहा वर्षांची आहे. तिला हे ‘म्हातारी’ म्हणतात. मला म्हणायची हिंमत नाही, म्हणून तिला म्हणत असावेत.

घरात दिवसभर ऊन येणारी खिडकी एकच, आमच्या लेकीच्या, ठकूच्या खोलीतली. तिच्यावरून बाप-लेकीत दर हिवाळ्यात जुंपायची. ह्यांना तिथे कुंड्या हव्या, ठकूला टेबल. ठकू म्हणायची, मिरच्यांवरची माव्याची कीड माझ्या उशीवर येते. हे म्हणायचे, तू दिवसभर बाहेर, एवढं ऊन वाया जातं. जिंकायची अर्थात ठकू, आणि कुंड्या न्हाणीघरात जाऊन कशाबशा तग धरायच्या. आता न्हाणीघरात कपडे धुवायचं मशीन आलंय, तिथे बादलीलासुद्धा जागा नाही. पण उन्हाळ्यात ठकूला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात नोकरी लागली, ती गेली आणि खिडकी मोकळी झाली.

मला वाटलं, हे पहिल्याच दिवशी कुंड्या घेऊन आत शिरतील. कसलं काय. आधी म्हणाले, मुळं तपासायचीत. मग म्हणाले, मावा धुवायचाय. मग ह्यांची पाठ धरली. बातम्यांत सांगितलं की उद्या पहाटे पारा शून्याखाली जाणार, झाडं जपा. तरी हे कुंड्या अंगणातल्या भिंतीलगत सरकवत बसले आणि म्हातारीला माझी शाल गुंडाळली. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. शाल जुनी असली तरी माझी होती.

मी पदर खोचला, म्हातारीची कुंडी उचलली आणि सरळ ठकूच्या खोलीचं दार ढकललं. हे मागून धावत आले, माझ्या पुढे झाले आणि चौकटीला हात लावून आडवे उभे राहिले.

“कुंड्या आत गेल्या की ही खोली तिची राहायची नाही,” ते म्हणाले.

एवढं सरळ बोलणं ह्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलंय. मी कुंडी खाली ठेवली. ह्यांच्या हाताखालून आतलं टेबल दिसत होतं आणि त्यावर धुळीचा कण नव्हता. मी तर महिनाभर त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं, टाकवत नव्हतं. लेकीची आठवण काढून रडणारी घरात मी एकटीच, असं मी इतके दिवस धरून चालले होते. मला ह्यांच्याबद्दल फार माया वाटली आणि स्वतःची जरा लाजही वाटली.

“अहो, ती या थंडीत येणार नाहीये,” मी म्हटलं. “पण येईल तेव्हा खिडकीवरून तुमच्याशी भांडायचं, तर झाडं जगायला नकोत का?”

ह्यांनी चौकटीवरचा हात खाली घेतला. चारही कुंड्या आम्ही दोघांनी मिळून आत नेल्या. टेबल मात्र ह्यांनी तसूभरही हलवू दिलं नाही. म्हातारी टेबलाच्या एका कडेला, बाकीच्या खाली जमिनीवर.

सकाळी उठले तर अंगणातलं गवत गोठलेल्या दवानं पांढरंफटक झालेलं. हे झारी घेऊन ठकूच्या खोलीपाशी उभे होते. दार लोटलेलं होतं. ह्यांनी त्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि थांबले. आतून कुणी ‘या’ म्हणेल म्हणून चांगले थांबले.

माझ्या जिभेवर नेहमीसारखं काहीतरी खवचट आलं होतं, ते गिळलं.

“जा आत,” मी म्हटलं. “कधीच्या उठल्यात मिरच्या.”