भरलेली बाटली

“घरातसुद्धा मराठी बंद ठेवा, तरच मुलांचं इंग्रजी सुधारेल,” असं इंग्रजी शाळेतल्या मॅडमनी पालकांच्या पहिल्याच सभेत बजावलं. आम्ही डिंभे धरणाच्या वरच्या वाडीतली माणसं. मराठी बंद ठेवायची, तर बोलायचं कशात? माझी लेक सृष्टी मात्र हळूहळू गप्प झाली.

मग तिची पाण्याची बाटली शाळेतून भरलेलीच परत येऊ लागली. सकाळीही ती घोटभर पाणी घेईना. मी रोज महादेवाला बेल वाहिल्याशिवाय पाण्याला शिवत नाही, सोमवारी निर्जळी धरते. माझ्या सासूबाई, बाळाबाई, त्यांनी वाडीभर सांगितलं, “पोरीनं आईचं व्रत उचललं गं! येवढासा जीव, पर निष्ठा बघा!” बायका येऊन तिला कुंकू लावून जात. मलाही धन्य वाटलं.

एक दिवस तिला ताप भरला. लघवीला आग होते म्हणून रडू लागली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “पाणी का पीत नाहीस, बाळा?”

तिनं माझ्या पदरात तोंड खुपसलं. “प्यालं की शू लागती. मराठीत इचारलं तर मॅडम म्हनल्या, इंग्लिशमधी इचार. मला येईना. मंग बाकावरच झाली. समदी हसली.”

ओठांवर आलेलं देवाचं नाव तिथंच कडू झालं.

घरी आल्यावर मी सृष्टीच्या वडिलांना म्हटलं, “आपल्या वाडीच्या शाळेत घालू. सुनील गुरुजी आधी मराठीत समजावतात, मग तेच इंग्रजीत बोलून घेतात.”

“त्याच शाळेत मी बी व्हतो की! चाकणच्या कंपनीत सायबानं इंग्रजीत नाव-गाव इचारलं, तर तोंडाला कुलूप लागलं. आज धरणात जाळी टाकतोय. तिनं बी तेच करायचं?”

“तिच्या तोंडाला आत्ताच लागलंय.”

“शिकंल. तू निर्जळीनं मरत न्हाईस, मंग तिला काय व्हतंय?”

सासूबाईंची काळजी वेगळीच. “पर लोकांना काय सांगायचं गं? आपुन तर व्रत म्हणून सांगून बसलो.”

माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. आत जाऊन सृष्टीच्या कपाळावरची ओली घडी बदलली. तिनं माझा हात धरला.

“आये, त्या शाळेच्या गाडीत मला परत बसवू नको.”

“नाही बसवणार. महादेवाची आण.”

सोमवारी बेल वाहिला आणि सृष्टीसमोर बसून तांब्याभर पाणी प्याले. बघून तीही प्याली. शाळेची पिवळी गाडी आली, हॉर्न वाजवून वाजवून निघून गेली. सृष्टीचे वडील धरणावर होते. सासूबाई काहीतरी पुटपुटत राहिल्या.

एसटीचा भरवसा नव्हता. मी चपला घातल्या आणि इंग्रजी शाळेतून तिचा दाखला काढून आणायला चालत निघाले.