बोडीचं निंदण

मी उमराव, शाळेत मास्तर, जातीनं कोहळी. तलाव बांधणं आमच्या रक्तात आहे, हे आम्ही कोणी न विचारताही सांगतो. त्यामुळे गोंदियात राइस मिलच्या मागची बोडी, म्हणजे लहानसा तलाव, राखेनं आणि बेशरमाच्या झुडपांनी बुजताना पाहून मला राहवलं नाही. २००७च्या उन्हाळ्यात मोहल्ल्यातली माणसं गोळा केली आणि सहा रविवार श्रमदान केलं. सुशीलाबाई आणि तिचा मुलगा टिकेश सगळ्यांच्या आधी हजर. ती ढिवर, बोडीतल्या मासोळीवर तिची चूल पेटायची.

"मासोळी परत येईल, ही माझी जबान," मी तिला सांगून टाकलं.

आम्ही फुटलेली पार, म्हणजे बोडीचा मातीचा बांध, नीट बांधली, राख उपसली. मग मी पारीवर उभा राहून जे जे हिरवं दिसेल ते उपटायला लावलं. धानाच्या बांधीत निंदण करत, तण उपटत मोठा झालेला माणूस मी, माझ्या हाताखाली गवताची काडी उरेल होय? बोडी घासलेल्या ताटासारखी लख्ख झाली. पावसाळ्यात भरली. माझा सत्कार झाला, शाल मिळाली.

मासोळी मात्र आली नाही. विकतचं मत्स्यबीज सोडलं, ते कुठे गेलं कोण जाणे. पाणी गढूळच. दुसऱ्या वर्षीही तेच. मी पाणी बाटलीत भरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं, पारीची उंची तीनदा मोजली, मिलवाल्यांशी उगाच भांडलो. राख टाकणं त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. मग कारण काय? या कोड्यानं माझी झोप उडवली. शेवटी २००९च्या वैशाखात सुशीलाबाईच्या अंगणात जाऊन बसलो. ती बिड्या वळत होती.

"सुशीलाबाई, मासोळी काऊन येत नाही?"

"अंडे कायले चिकटवील ते? तुमच्या पारीले?" ती म्हणाली. "चिला उपटला, कमळं उपटले. मासोळी का उघड्यावर बाळंत होते, मास्तर?"

चिला म्हणजे पाण्याखालची हिरवी शेवाळी वेल. तिचे ढीग मी स्वतः पेटवले होते.

"मग तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"तुमी पुसलं का? तुमी तं सांगूनच राहिले होते."

लाज वाटली, आणि खरं सांगतो, रागही आला. पण त्याहून मोठी निघाली उत्सुकता. त्या दिवसापासून मी पुसत सुटलो. चिला किती खोल लावायचा? कमळ कोणत्या काठाला? आषाढात सुशीलाबाई आणि चार बाया नवेगाव बांधच्या तलावातून पोत्यांत रोपं घेऊन आल्या आणि चिखलात धानाचा रोवणा करावा तशा ओळीनं लावत गेल्या. मी मागून पोती ओढत होतो. दिवाळीपर्यंत पाणी निवळलं, तळ दिसायला लागला.

पुढच्या पावसाळ्यात तिनं मला पाण्यात उतरवलं. माझा हात धरून चिल्यात घातला. बोटांना काहीतरी इवलं, वळवळणारं लागलं. मग आणखी एक. मग किती तरी! मी हसायलाच लागलो.

"आली! आली की नाही मासोळी?"

सुशीलाबाई हसली नाही. "टिकेशले हैद्राबादले जाऊन दोन सालं झाले," ती म्हणाली. "बोडी रिकामी पाहून गेला. तुमी पहिल्याच रविवारी पुसलं असतं, तं गेलाच नसता."

तो गेल्याचं मला ठाऊक होतं. का गेला, हे मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

तिनं पदराला हात पुसले, कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

"हॅलो, माय?" मागे कारखान्याचा आवाज.

'बोडी भरली, ये परत,' हे अगदी ओठावर आलं होतं. ते मी गिळलं.

"टिकेश, मी उमराव मास्तर. बोडीत मासोळीची पिल्लं दिसून राहिली. तुले यावंसं वाटते का?"

मशीनचा आवाज मागे पडला, तो बाहेर आला असावा. मग तो म्हणाला, "चिला कोण्या बाजूनं लावला?"

उत्तर मला ठाऊक होतं. मी फोन त्याच्या मायच्या हातात दिला.