सुब्हीनं कप खाली ठेवला तेव्हा

मी कॉफीचा गाडा बोलतोय. उभा असतो इस्रायलनं बांधलेल्या भिंतीतल्या लष्करी नाक्यासमोर, बेथलेहेमच्या बाजूला. माझी पुढची दोन चाकं बाबागाडीची आणि मागची दोन दवाखान्याच्या ढकलगाडीची, म्हणून मी चालताना जरा लंगडतो. माझ्या मालकानं, अबू नाजीनं, भंगारातनं मला जोडून घेतलं. जोडणारा लोहार म्हणाला, "अबू नाजी, हा गाडा आहे की चार घरची सोयरीक?" मालक म्हणाला, "चार घरची असू दे, एका घरचं पोट भरलं म्हणजे झालं."

धंद्याची जागा पाहावी तर माझ्या मालकानं. फटफटायच्या आधीच गिऱ्हाईक रांगेत उभं असतं. अल-खलीलकडच्या डोंगरांतनं गवंडी, फरशीवाले, रंगारी येतात, परवाना दाखवून नाका ओलांडतात, जेरुसलेमला कामाला जातात. रांग लोखंडी गजांच्या लांब पिंजऱ्यातनं सरकते. माणूस एकदा आत शिरला की कॉफीसाठी बाहेर कोण येणार? जागा जाते ना! म्हणून अबू नाजीनं बाजार पालथा घालून गजांतनं आत जाईल असा अरुंद कप शोधला. शेजारच्या पाववाल्याला ते काही सुचलं नाही. त्याच्या तिळाच्या पावाची गोल कडी गजांत अडकायची आणि अर्धा तीळ जमिनीवर. पाखरं मात्र त्याला दुवा द्यायची.

माणूस रांगेत असला की साखर जास्त मागतो, हे मी इथं शिकलो. आणि थट्टाही जास्त करतो. "अबू नाजी, वेलदोडा नुसता दाखवतोस की टाकतोस पण?" "तुझा परवाना जसा, तसा माझा वेलदोडा. असतो, पण दिसत नाही!"

रविवारी, म्हणजे आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, पलीकडनं दोन बायका यायच्या. दोघी इस्रायलीच. त्यांचं काम एकच, नाक्यावर काय चालतं ते बघायचं, रांग अडली की लष्कराला फोन करायचा आणि घरी जाऊन आपल्या लोकांना सांगायचं. थोरली दालिया, निवृत्त शिक्षिका, पांढरे केस, निळा कोट. तिची अरबी क्लासात शिकलेली, त्यामुळे ती साखर मागायची तरी बातम्या दिल्यासारखी वाटायची. सगळे तिला खाला म्हणत, म्हणजे मावशी.

एकदा अबू नाजीनं विचारलं, "खाला, तू इथं उभी राहून बघतेस, त्यानं काय होतं?"

"बघितलं नाही, तर असं काही घडतच नाही म्हणतात."

"मग नीट बघ. आणि कॉफी घे, नाहीतर झोप लागेल."

तर एका सणाच्या सुट्टीनंतरचा रविवार. मी इतकी वर्षं लोखंडाच्या शेजारी उभा आहे, पण त्या दिवशीसारखी रांग पाहिली नव्हती. पिंजऱ्यात माणसं अशी ठेचून भरलेली की कुणाचा हात कुणाचा, कळेना. काही जण तर गजांवर चढून, छताला लटकत, खालच्यांच्या खांद्यांवर पाय देत पुढे सरकत होते. तोंडाशी फिरतं फाटक, ते मधेच बंद पडायचं. म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी बाजूला वेगळी वाट आहे, तिला कुलूप. किल्लीवाला आलाच नव्हता.

आत सुब्ही होता, फरशी बसवणारा, आमचं जुनं गिऱ्हाईक, साठीला आलेला. जाताना कॉफी न घेताच म्हणाला होता, "आज नको, अबू नाजी. ठेकेदारानं सांगितलंय, पुन्हा गाडी चुकली तर येऊच नकोस. त्याच्याकडे दुसरा माणूस तयार आहे." असं म्हणून आत शिरलेला माणूस, थोड्या वेळानं त्याचा फक्त हात गजांबाहेर लोंबताना दिसला. बोटं निळसर. मी हबकलो. किटली माझ्या अंगावर उकळत होती आणि माझं लोखंड गार पडलं.

"माणूस गुदमरतोय!" कुणीतरी ओरडलं. दालिया फोनवर ओरडत होती. बऱ्याच वेळानं एक दार उघडलं, पण ते मागच्या बाजूचं, घराकडे नेणारं. चौघांनी सुब्हीला उचलून माझ्यापाशी आणून बसवलं.

डोळे उघडल्यावर त्यानं पहिला प्रश्न केला, "मागचं दार कुणी उघडायला लावलं?"

"मी," दालिया म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद होता.

"खाला, मला मागं काढलंस? माझं काम पुढं आहे!"

तिचा चेहरा उतरला. काय करावं सुचेना, तेव्हा तिनं माझ्यावरची किटली घेतली, स्वतः कप भरला आणि त्याच्यासमोर धरला. सुब्हीनं तो घेतला, न पिता समोर जमिनीवर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.

आजूबाजूची माणसं त्या कपाकडे बघू लागली. आमच्यात कप असा कुणी उगाच ठेवत नाही. पाहुण्याला यजमानाकडे काही मागायचं असलं की तो असा ठेवतो. मागणी मान्य असेल तर यजमान कप परत उचलून देतो. दिला की दिला. मग शब्द फिरत नाही.

दालियाला वाटलं, बिचाऱ्याचे हात थरथरताहेत. तिनं वाकून कप उचलला आणि मायेनं त्याच्या हातात दिला.

सुब्हीनं एका घोटात कॉफी संपवली.

"अल्लाह!" पाववाला पुटपुटला. "खालानं कबूल केलं."

"काय कबूल केलं?" ती गोंधळली. अबू नाजीनं सगळं समजावून सांगितलं.

"मग मागतोय काय तो?"

"पलीकडे ठेकेदाराची गाडी आहे. ती सुटायच्या आत मला पार कर," सुब्ही म्हणाला.

तिनं पुन्हा फोन केला. पलीकडनं उत्तर आलं, तुमच्याच विनंतीवरून त्याला बाहेर काढलंय, आता त्यानं घरी जावं. तिनं फोन कोटात ठेवला, सुब्हीचा दंड धरला आणि पिंजऱ्याकडे चालू लागली.

"दालिया, वेड लागलं का?" तिची सोबतीण किंचाळली.

"खाला, ही बाप्यांची रांग आहे!"

"माहीत आहे. सरका."

आणि सरकले की! परक्या बाईला धक्का लागू नये म्हणून, जिथं श्वासाला जागा नव्हती तिथं माणसांनी पोटं आत ओढली, पाठी गजांना चिकटवल्या. "सरका रे, खाला आहे! ए वरच्या, पाय आवर, गाढवा!" दालियाभोवती वीतभर मोकळी जागा झाली आणि त्या जागेत सुब्ही चालला. भोंग्यातनं शिपायाचा आवाज भुंकत होता, ती बाई आत काय करतेय म्हणून. पुढे दोघं मला दिसेनासे झाले.

ती एकटी परतली तेव्हा कोटाची बटणं तुटलेली, ओठ पांढरे. अबू नाजीनं पाणी दिलं.

"आत हवाच नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी इथं उभी राहून लोकांना सांगत आले, रांग लांब आहे, रांग हळू आहे. हवा नाही, हे मला माहीतच नव्हतं."

मग तिनं विचारलं, "तो फाटकातनं गेला. गाडी मिळाली का?"

तेवढ्यात मालकाचा फोन वाजला. अबू नाजी माझ्या कडेला टेकून ऐकत होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "गेली गाडी," सुब्ही म्हणाला. "दुसऱ्याला घेऊन गेली. पण खालाला सांगू नकोस. तिनं दिलेला शब्द पाळला. मला तिनं पार केलं."

माझ्या मालकानं फोन ठेवला. कॉफीत कधी पाणी न वाढवणारा माणूस तो.

"मिळाली म्हणतो," त्यानं सांगितलं. "पुढच्या सीटवर बसलाय, ऐटीत."

तेव्हा कुठं दालिया माझ्या शेजारी दगडावर बसली आणि रडली.

आता माझं एक चाक गेलंय, त्याच्या जागी वीट आहे. दालिया अजून रविवारी येते आणि विचारते, "सुब्ही दिसत नाही?" अबू नाजी सांगतो, ठेकेदार त्याला दुसऱ्या नाक्यानं नेतो. सुब्ही घरीच असतो. तुम्ही लांबचे, म्हणून तुम्हाला मनातलं सांगितलं. कधी इकडे आलात, निळ्या कोटातली म्हातारी भेटली आणि तिनं विचारलं, तर एवढं करा, तुम्हीही म्हणा, गाडी मिळाली.