खिम्याचे गोळे आणि माझी सवत

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची कढई आहे. रंगाने काळी, अंगाने जड आणि बुडाला सपाट.

माझा जन्म ओतशाळेतला. भट्टीतला लाल रस वाळूच्या साच्यात ओतला, तो थिजला आणि मी झाले. पुढे दुकानात बरीच धूळ खाल्ली. येणारे-जाणारे मला उचलायचे आणि मनगट दुखल्यासारखं तोंड करून खाली ठेवायचे. मग एक दिवस शिवणकाम करणारी एक मुलगी आली. तिचं लग्न ठरलं होतं. "हीच द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "जड आहे, म्हणजे टिकेल."

तिचा नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा. पुढे त्यांना एक मुलगी झाली. सगळे तिला बिट्टी म्हणत. ती त्यांना आई-बाबा म्हणायची, म्हणून मीही त्या दोघांना आई आणि बाबाच म्हणते.

दिवसभर मशीनवर बसून आईची पाठ भरून आली, की ती हमखास खिम्याचे गोळे करायची. शिळा पाव दुधात भिजवून कुस्करायची, त्यात खिमा, बारीक कांदा, अंडं आणि मिरपूड घालून हलक्या हाताने गोळे वळायची. माझ्यात ते खरपूस तांबूस झाले, की वर टोमॅटोचा दाट रस. बाजूला लोण्यात परतलेली गाजरं, फरसबी आणि कुस्करलेला बटाटा. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत ताटं वाढलेली असत. कोणी आईच्या हाताचं कौतुक केलं, की ती माझ्याकडे बोट दाखवायची. "निम्मी चव या काळीची आहे." हे ऐकून मी कशी फुगायचे म्हणून सांगू!

मग आई आजारी पडली. दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

बाबांनी मला साबणाने घासलं आणि ओलीच ओट्याखालच्या कपाटात ठेवून दिलं. त्यांची काही चूक नव्हती. त्यांना तेव्हा स्वतःचंही भान नव्हतं. पण अंधारात माझ्या अंगावर गंज चढत गेला.

बऱ्याच काळाने बाबांनी दुसरं लग्न केलं. नवी आई पोस्टात नोकरीला होती. तिच्याबरोबर तिची कढई आली आणि माझ्या उरावर सवत येऊन बसली! वजनाने हलकी, अंगाने गुळगुळीत, डोक्यावर काचेचं झाकण. तिच्यासाठी खास लाकडी उलथणं, कारण बाईसाहेबांच्या अंगाला ओरखडा सोसत नव्हता. मला मात्र आयुष्यभर लोखंडी उलथण्याने खरवडलं होतं. कपाटाच्या फटीतून मी तिचा तोरा बघायचे आणि आतल्या आत जळायचे.

एका संध्याकाळी ओळखीचा वास आला. खिम्याचे गोळे! तेही तिच्यात! माझा नुसता तिळपापड झाला.

जेवताना बिट्टीने ताट पुढे सरकवलं. "मला भूक नाही."

"काही कमी पडलंय का?" नव्या आईने विचारलं. "सांग ना, मी राग मानणार नाही."

"आई हे यात करायची नाही."

"मग कशात करायची?"

बिट्टी उठली. कपाट उघडून तिने मला दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. माझी दशा पाहून तिचा चेहरा उतरला. "हिला असं कोणी केलं?"

"मी केलं गं," बाबा खाली मान घालून म्हणाले. "ओली ठेवली."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी नवी आई मला मांडीशी घेऊन बसली. जाड मिठाने गंज घासून काढला, पुसून कोरडं केलं, तेल चोळलं आणि मंद आचेवर तापवलं. इतक्या दिवसांनी अंगाला ऊब लागली. तरी मन काही निवळलं नाही. हिचे हात सवतीचेच, असं मला वाटत राहिलं.

संध्याकाळी तिने माझ्यात गोळे टाकले आणि लगेच उलटायला गेली. ते खाली चिकटले आणि फुटले. बरी जिरली, मी म्हटलं. इतक्यात तिच्या बोटालाही चटका बसला. तिने बोट नळाखाली धरलं आणि पाठमोरी उभी राहिली.

"मला तुझ्या आईसारखं नाही जमायचं, बिट्टी."

बिट्टी दारात उभी होती. थोड्या वेळाने ती शेजारी येऊन थांबली. "आई आधी नुसती कढई तापवायची. तेल नंतर. आणि गोळे टाकले की हात लावायचा नाही."

"आणि जळले तर?"

"नाही जळत. सुटायचे तेव्हा आपोआप सुटतात."

दुसऱ्या खेपेला दोघी हात बांधून थांबल्या. आणि गोळे खरंच सुटले, एकही न फुटता. सुटताना माझ्याही मनातलं काहीतरी सुटलं. फुटलेल्या गोळ्यांचा चुरा नव्या आईने रसात ढवळून टाकला. तो बिट्टीने बटाट्यावर ओतून घेतला आणि बोटं चाटून खाल्ला.

शेजारच्या शेगडीवर सवत होतीच. तिच्यात गाजरं आणि फरसबी परतत होती. "गाजरं मात्र यातच छान होतात," बिट्टी म्हणाली. खोटं कशाला बोलू मित्रांनो, सवतीचा हेवा मला आजही वाटतो. पण आता आम्ही दोघी रोज शेजारी-शेजारी तापतो, आणि हातात काम असलं की जळायला सवड कमी मिळते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला ओलं ठेवून विसरू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा आणि अधूनमधून आचेवर घ्या. आणि घरात कोणी नवीन आलं, तर त्यालाही जुन्याची तऱ्हा समजावून सांगा. त्याला ती कोणी सांगितलेलीच नसते.