खाली राहिलेला हात

"ज्याले मान्य आहे त्यानं हात वर करा," पुंजाजी म्हणाले, आणि टिनाच्या शेडमध्ये भराभर हात वर झाले. कोकिळेचा हात मांडीवरच राहिला.

या ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे पुंजाजी चष्म्यावरून बघत राहिले. "कोकिळा, तुहा हात?"

"नाही."

"इंद्रभान साहेबाले मंडळीत घेऊन राह्यलो आपन."

"म्हनूनच नाही."

समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या इंद्रभानांनी मान खाली घातली. एके काळी हा माणूस जिल्ह्यातल्या कितीतरी चर्चचा अधीक्षक होता. तो आला की पाळक जेवत्या ताटावरून उठत. आज तोच मोताळ्याबाहेर, कपाशीच्या शेताला लागून असलेल्या या शेडात "मला सभासद करून घ्या" म्हणत बसला होता. कोकिळेला त्याचा आनंद झाला आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. ती आठवडी बाजारात मसाले विकते. मिरचीचा भाव असो की मनातला राग, ती तोंडावर सांगते.

या मंडळीच्या वर कोणी नाही. बिशप नाही, संस्था नाही. मध्ये उघडलेलं बायबल आणि भोवती सतरंजीवर बसलेली माणसं, एवढंच. नवा माणूस घ्यायचा तर सगळ्यांचे हात वर हवेत, एक जरी खाली राहिला तरी काम अडतं. पण हात खाली ठेवणाऱ्यानं कारण त्या माणसाच्या तोंडावर सांगायचं, आणि भांडण मिटेपर्यंत दोघांनीही दर महिन्याचं प्रभुभोजन घ्यायचं नाही. बाकीचे भाकर मोडत असताना या दोघांनी मागच्या बाकावर शेजारी शेजारी बसायचं. हा दुसरा भाग पुंजाजींनी घातलेला. फुकटचा राग फार दिवस टिकतो, असं त्यांचं म्हणणं.

"सांग मंग," ते म्हणाले.

कोकिळा उठून उभी राहिली. तिचा नवरा गोकुळ इंद्रभानांच्या हाताखाली एका खेड्यात पाळक होता. तिथल्या एका ठेकेदारानं चर्चची इमारत बांधून दिली, आणि मग बायकोला घराबाहेर काढून दुसरी आणली. गोकुळनं त्याला प्रभुभोजन नाकारलं. वरून आदेश आला, त्याला द्या. गोकुळनं दिलं नाही. त्याची नेमणूक गेली, राहतं घर गेलं, सभासदत्वही गेलं. पुढच्याच उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. मंडळीतल्या बहुतेकांना हे माहीत होतं, पण इंद्रभानांच्या समोर ते कधी बोललं गेलं नव्हतं.

"त्याईले ट्रॉलीत निजवून बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या," कोकिळा म्हणाली. "त्याचं पानी रस्त्यावर गळून राह्यलं होतं. अन् तुमी कब्रस्तानच्या फाटकाआड उभे होते, साहेब. काय म्हनले होते ते सांगा सगळ्याईले."

इंद्रभान खुर्चीचा आधार घेऊन उठले. "तो आमचा सभासद नाही, असं म्हणालो होतो. पण बाई, वरून आदेश होता. माझ्या हातात काय होतं?"

"किल्ली होती."

त्या दिवशी गोकुळला पुंजाजींच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पुरावं लागलं होतं. माती लोटून झाल्यावर माणसांनी तिथेच, मातीच्या हातांनी, ठरवलं होतं की आता आपल्या डोक्यावर साहेब नको.

"आता मलाही काढलं त्यांनी," इंद्रभान म्हणाले. "कब्रस्तानची जागा विकायला काढली होती. मी विरोध केला. नव्या साहेबांनी फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका."

"बरं झालं. आता माह्या जिवाले गार वाटलं."

चंद्रशेखर मास्तरांना हे ऐकवेना. "पुंजाजीकाका, तुमीच ठरवून टाका ना. म्हतारा मानूस आहे. एकीच्या हट्टापायी किती तानाचं?"

"मी ठरवलं की मी साहेब झालो," पुंजाजी म्हणाले. "तिचा राग मले पटत नाही. पन तिचा हात धरून वर कराचा हक्क मले नाही. तो हक्क एकदा कोनाले देला, की ठेकेदार त्याच्याच घरी जाते." मग ते कोकिळेकडे वळले. "पोरी, आता कुलूप तुह्या हातात आहे. ध्यानात ठेव."

"आहे ध्यानात. समजूनच लावून राह्यली."

आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. इंद्रभान आले आणि तिच्या शेजारी टेकले. पुढे गाणं सुरू झालं, भाकर मोडली गेली. मंडळीतली पुष्पांजली भाकरीचं ताट फिरवत सवयीनं मागपर्यंत आली आणि गोंधळून थांबली.

"ने वापस," कोकिळा म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा करडा निघाला नाही. गोकुळ गेल्यापासून तिनं एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. धुऱ्यावर त्या संध्याकाळी पुंजाजींनी शिदोरीतली भाकर मोडून दिली होती, आणि तेवढ्या तुकड्यावर ती घरापर्यंत चालत गेली होती. ताट परत जाताना तिला ते आठवलं. इंद्रभानांचा राग आणखीच आला.

"कोकिळाबाई," इंद्रभान हळूच म्हणाले, "आदेश नसता तरी मी फाटक उघडलं नसतं. मला खुर्ची टिकवायची होती."

तिनं समोरच पाहत विचारलं, "हे सगळ्याईसमोर काऊन नाही सांगतलं?"

"पुढच्या महिन्यात सांगतो."

"तवाही माहा हात खालीच राहीन."

"तरी सांगतो."

मग म्हातारा रडायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. याच रडण्याची कोकिळेनं इतकी वर्षं वाट पाहिली होती. तिनं ते नीट पाहून घेतलं, मधे डोक्यावरचा पदरही सारखा केला नाही. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागत होता. तिला सरकायचं होतं, पण बाक आखूड होतं.