वीस नोव्हेंबरची हजेरी

अनसूयाबाई बर्गे यांचे पती बासष्टच्या युद्धावरून परत आले ते अठ्ठावीस वर्षांनी, आणि तेही अनसूयाबाईंनी लिहायला घेतलेल्या कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणातून. सोमवारी सकाळी बाईंनी ‘ते अंगणात उभे होते’ एवढे वाक्य लिहिले, पेनाला टोपण लावले आणि दूध उतू जात नाही ना, ते पाहायला त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा ते अंगणात उभे होते. गुडघ्यापर्यंत बर्फ चिकटला होता. वय सव्वीस. बाईंना त्या वर्षी एक्कावन्नावे लागले होते.

“फार दिवस लागले,” बाई म्हणाल्या.

“रस्ता खराब आहे,” ते म्हणाले.

ते माजघरात पाटावर बसले आणि बशीत ओतून चहा प्याले. दोन दिवसांत बाईंच्या लक्षात आले की, आपण जेवढे लिहिले आहे तेवढेच यांना ठाऊक आहे. त्यांनी आईची चौकशी केली. सासूबाई अडुसष्ट साली वारल्या होत्या, पण कादंबरीत त्या दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी आडावर गेल्या होत्या आणि तिथून त्यांना कोणी परत आणले नव्हते. मेलेल्या माणसाची बातमी सव्वीस वर्षांच्या मुलाला द्यावी, हे बाईंच्याने होईना. त्या लिहायला बसल्या आणि सासूबाईंना आठ दिवसांसाठी बहिणीकडे कोरेगावला पाठवून दिले. ते निश्चिंत झाले. एकदा त्यांनी बाईंच्या डोक्याकडे पाहून विचारले, “केसांना पीठ लागलंय का?”

“दळण आणलं आत्ताच,” बाई म्हणाल्या.

तिसरे प्रकरण पुरे होताच पहिली तीन प्रकरणे त्यांनी पुण्याच्या प्रकाशकाकडे पाठवली. पंधरा दिवसांनी तिथल्या आगटे नावाच्या संपादकांचे पत्र आले. भाषा नेटकी आहे, त्यांनी लिहिले होते, परंतु ही केवळ एका बाईच्या वाट पाहण्याची हकिगत होते आहे. युद्ध कुठे आहे? देश कुठे आहे? खाली वेगळ्या शाईने आणखी एक ओळ होती. आपल्या नायकाला सव्वाशे पानांत नाव नाही, ते कृपया द्यावे.

युद्धाविषयीचे म्हणणे बाईंना पटले. साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला होता. पाठ्यपुस्तकात ते युद्ध साडेसात ओळींत संपत असे, आणि घंटा झाली नाही तर बाई पुढचा धडा काढीत. त्या साडेसात ओळींत काय आले नाही, हे मात्र त्यांना पाठ होते. पतीच्या तुकडीतल्या अकरा जणांच्या अकरा गावांना त्या उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत जाऊन आल्या होत्या. कोण त्रेसष्ट साली चिन्यांच्या कैदेतून सुटून आला, कोण गोळीने गेला, कोण भूतानच्या वाटेने उतरताना बर्फात बसला आणि उठला नाही, हे सारे त्यांच्या वह्यांत नोंदलेले होते. अकराही जणांचे पक्के कळले होते. बाराव्याविषयी सरकारी कागदावर ‘बेपत्ता, मृत समजावे’ एवढेच होते. समजावे की समजू नये, हे ठरवण्यासाठीच त्यांनी स्वेच्छानिवृत्तीनंतर कादंबरी लिहायला घेतली होती.

चौथ्या प्रकरणात त्यांनी ईशान्य सरहद्दीवरचा नेफा लिहिला, आणि घर लांबले.

यादोगोपाळ पेठेतले त्यांचे घर दोन खोल्यांचे होते. माजघरातून स्वयंपाकघरात जायला नऊ पावले लागत. नदी लिहून झाली तेव्हा चाळीस लागू लागली, आणि डोंगराची धार लिहून झाल्यावर बाईंनी मोजायचे सोडून दिले. भिंतीला कुठे तडा गेला नव्हता. फरशी तीच होती, फक्त मध्यावर चढ होता आणि तिथे वारे अंगाला झोंबत असे. गुरुवारी हवालदार सावळाराम मोहिते आपले दहा जवान घेऊन आले. बाईंना रामराम करून ते भिंतीला पाठ लावून ओळीने बसले. सगळ्यांच्या अंगावर उन्हाळी सुती कपडे होते, कारण तसेच होते, आणि बाईंना खोटे लिहिता येत नव्हते. चुलीवरची भाकरी त्यांच्यापर्यंत नेईतो दगड होई. मग कोणीतरी ती बंदुकीच्या दस्त्याने फोडून वाटत असे.

बासष्ट साली बाईंनी शाळेतल्या मुलींकडून जवानांसाठी स्वेटर विणून घेतले होते. ते त्यांनी आता लिहून पाहिले. दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. मुलींनी आपापल्या भावांच्या मापाने विणले होते. हवालदारांच्या बाह्या कोपरापाशी संपल्या.

“पोरींचा हात बसलाय बाई,” ते अदबीने म्हणाले. “माणूस तेवढा लहान पाहिजे होता.”

अठरा नोव्हेंबर लिहिला तेव्हा सिपाही भिकू जाधव मांडीला गोळी लागून मागे निघाला. तो लंगडत लंगडत पुढच्या दारापर्यंत गेला, आणि त्याने उंबरा ओलांडला तसा पलीकडे चोपन्न वर्षांचा एक टकला पेन्शनर उतरला. त्याने धोतराचा सोगा नीट केला आणि एसटी स्टँडचा रस्ता धरला. एकोणीस तारखेला सिपाही शंकर ढाणे पडला. थोड्या वेळाने तो उठला, कपडे झटकले आणि त्याच दारातून बाहेर गेला. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे कोणी नव्हते. समोरच्या गच्चीवर पापड वाळत होते.

त्यावरून त्यांना रीत कळली. ज्याचे इतिहासाने जे केले, ते त्याला उंबऱ्यापलीकडे भेटत होते. मग त्यांनी वीस नोव्हेंबर सविस्तर लिहिला आणि पेन खाली ठेवले. एकवीसला युद्धबंदी होती. ती लिहिली की सगळ्यांना निघावे लागणार, आणि बाराव्या माणसाला दाराबाहेर काय भेटेल, हे त्यांच्या कोणत्याही वहीत नव्हते. आत तो होता, बशीतून चहा पीत होता.

दुसऱ्या दिवशी गावात पुन्हा वीस नोव्हेंबर उजाडला. त्यानंतरच्या दिवशीही तोच.

लोकांनी पहिल्यांदा मनावर घेतले नाही. रेडिओवर रोज दुपारी तीच बातमी लागे आणि वर्तमानपत्रवाला तोच अंक टाकून जाई, म्हणून काहींनी वर्तमानपत्र बंद केले. तिसऱ्या आठवड्यात पोस्टमास्तर निंबाळकर आले. पिशवीतून त्यांनी तारखेचा शिक्का काढून बाईंपुढे ठेवला. त्याचे आकडे हाताने फिरवून एकवीस करता येत, पण कागदावर वीसच उमटे. वर तक्रार केली तर वरच्यांचाही शिक्का तसाच होता. निंबाळकरांनी हेही सांगितले की, आपल्या सुनेचे दिवस भरून तीन आठवडे होत आले आहेत, डॉक्टरांनी दिलेली तारीख एकवीस आहे, आणि ती बिचारी भिंतीला टेकून उभी असते, कारण तिला बसवत नाही.

बाईंनी शिक्का उचलून परत त्यांच्या पिशवीत ठेवला.

“तुमची कादंबरी वाचनालयात येईल तेव्हा येईल,” निंबाळकर उठताना म्हणाले. “पण बाई, देश आमचाही आहे. तुमच्या एकटीच्या माजघरात किती दिवस ठेवता?”

युद्धबंदी लिहायला तसे पाहिले तर एक वाक्य पुरले असते. बाईंनी ते मनात तयारही केले होते. अडचण हजेरीची होती. तुकडी मोकळी करायची तर आधी हजेरी पुरी व्हावी लागते, आणि हवालदार मोहिते रोज सकाळी ती घेत होते. ते स्वतःचे नाव सांगत, मग एकेकाचे पुकारीत, एकेक जण ‘हाजिर’ म्हणे. नऊ नावे झाली की ते कागद डोळ्यांजवळ नेत. दहाव्या ओळीत बाईंनी ‘ते’ असे लिहिले होते.

“ह्याला काय म्हणून हाक मारू?” हवालदार विचारीत. “नाव असल्याशिवाय लाइन सुटत नाही, बाई.”

अनसूयाबाईंनी पतीचे नाव आयुष्यात कधी उच्चारले नव्हते, आणि लिहिलेही नव्हते. रेशनकार्डावर ते शेजाऱ्यांनी घातले, शाळेच्या कागदांवर कारकुनाने. बासष्ट साली तारवाल्याने दारात नाव वाचून, हे घर त्यांचेच ना, असे विचारले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली होती. सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बजावले होते की, बायकोने नाव घेतले की नवऱ्याचे आयुष्य तेवढे कमी होते. इतिहासाच्या शिक्षिकेने असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये, हे बाईंना कळत होते. वर्गात त्यांनी तसे सांगितलेही होते. पण ज्याचे आयुष्य किती उरले आहे हेच माहीत नाही, त्यातून थोडे कमी करायचा धोका त्यांनी कधी पत्करला नव्हता.

चौथ्या आठवड्यात माणदेशातून हौसाबाई खाडे आल्या. सिपाही बापू खाडेची आई, वय ऐंशीच्या पुढे. बाई सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या गावी गेल्या होत्या तेव्हा हौसाबाईंनी त्यांना हुलग्याचे माडगे वाढले होते आणि पोरगा कसा गेला, ते न रडता सांगितले होते. आता त्या भिंत धरून ओळीपाशी गेल्या आणि मुलासमोर बसल्या. तो एकवीस वर्षांचा होता आणि थरथरत होता. हौसाबाईंनी पाठीवरचे घोंगडे काढून त्याच्या अंगावर घातले, मग त्यावर आपला पदर घातला, मग त्याचे हात आपल्या काखेत घेतले. घोंगडे थरथरू लागले. दुपारपर्यंत त्या तशाच बसून होत्या. नंतर बाईंकडे आल्या.

“कवापासनं कुडकुडतंय ते?”

“महिना होत आला,” बाई म्हणाल्या.

“त्याचं काय झालं ते मला ठावं हाय. माझं रडून झालंय तवाच.” हौसाबाईंचा आवाज चढला नाही. “तुजं तुला ठावं न्हाई, म्हून तू दार धरून बसलीयास. बस. पर माझ्या मेलेल्या लेकराला थंडीत कशापायी बसवतीस?”

बाईंनी त्यांच्यासाठी पाट मांडला. त्या बसल्या नाहीत. मुलाच्या शेजारी जाऊन त्यांनी भिंतीला पाठ लावली आणि ओळीत त्यांचीही भर पडली.

अनसूयाबाई वही घेऊन माजघरात गेल्या. ते खिडकीपाशी उभे होते. बर्फ अजून गुडघ्यापर्यंतच होता, वितळला नव्हता. बाईंनी त्यांना सगळे सांगितले नाही. हजेरी अडली आहे एवढेच म्हणाल्या, आणि का अडली आहे ते.

“मग लिही की,” ते म्हणाले.

“तुमचं आयुष्य कमी होईल.”

त्यांनी यावर बराच वेळ विचार केला. बाईंनी लिहिलेल्या सव्वातीनशे पानांत जेवढा माणूस होता, तेवढ्याने तो केला.

“मला माझं नाव आठवत नाही,” ते म्हणाले. “आल्यापासून आठवून बघतोय. रोज सगळे हाजिर म्हणतात आणि मी तोंड उघडून उभा असतो. कुणीतरी सांगायला पाहिजे ना, अगं. तुला येतं का?”

“येतं,” बाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या आणि दहाव्या ओळीतला ‘ते’ खोडून त्यांनी पतीचे नाव लिहिले. अक्षर चांगले आले. फळ्यावर ज्या वळणाने त्या राजांची नावे लिहीत, त्याच वळणाचे होते. त्याखाली त्यांनी युद्धबंदीचे वाक्य लिहिले. कुठलाही आवाज झाला नाही. पोस्टाच्या दिशेने मात्र शिक्क्यांची ठकठक सुरू झाली, आणि बराच वेळ ती थांबली नाही.

हवालदार मोहित्यांनी शेवटची हजेरी घेतली. दहावे नाव त्यांनी नेहमीच्याच सुरात पुकारले. “हाजिर,” त्यांच्या मागून आवाज आला, जरासा चाचरत.

मग ओळ उठली. हवालदार सर्वांत आधी बाहेर पडले आणि पलीकडे काठी टेकीत, कमरेत वाकून चालू लागले. त्यांच्यामागचे दोघे गावाकडची गाडी किती वाजता आहे ते एकमेकांना विचारीत गेले, दोघांनाही ऐकू कमी येत होते. त्यानंतरच्या तिघांच्या पलीकडे रस्ता मोकळा होता. बापू खाडे आईचा हात धरून दारापर्यंत आला. बाहेर हौसाबाई एकट्याच उतरल्या. त्यांनी मोकळा हात एकदा पाहिला, घोंगडे झटकून घडी केले आणि निघाल्या. घोंगडे थरथरत नव्हते. आणखी दोघे गेले. त्यांतला एक नातवाला घेऊन दवाखान्यात निघाल्यासारखा घाईत होता.

शेवटी ते आले. मागे घर पुन्हा नऊ पावलांचे झाले होते, त्यामुळे त्यांना यायला वेळ लागला नाही. बाई दाराच्या चौकटीला लागून उभ्या होत्या. त्यांना बाजूला व्हायला ते म्हणाले नाहीत, आणि त्याही झाल्या नाहीत. त्यांनी उजवा पाय उचलला आणि उंबऱ्यापलीकडे टेकवला. मग ते थांबले. डावा पाय आत होता, हात चौकटीवर होता, आणि हात सव्वीस वर्षांचाच होता.

बाहेरच्या पायात कॅनव्हासचा बूट होता. ओला, फुगलेला, घोट्यापर्यंत बंद. तो पाय म्हातारा झाला होता, तरुणच राहिला होता, की बूट नुसताच तिथे होता, हे वरून कळत नव्हते.

“काय दिसतंय?” त्यांनी विचारले.

अनसूयाबाई उंबऱ्यात बसल्या. तो बूट त्यांनी मांडीवर घेतला आणि नाडी सोडू लागल्या. गाठ बर्फाने गोठली होती. बोटांना ती दाद देईना, तशा त्या वाकल्या आणि गाठ त्यांनी दातांत धरली.