तनिषा राहते ती शेड

आधी माझं ऐकून घ्या, मग हसायचं तर हसा. मी शेड आहे. लंडनमधल्या हाउन्सलोतल्या एका साध्या घराच्या मागच्या गार्डनमध्ये, कुंपणाला पाठ लावून उभी असलेली लाकडी शेड. या शहरात माझ्यासारख्या अगणित आहेत. कुणात गवत कापायचं यंत्र असतं, कुणात फावडी, कुणात रंगाचे अर्धे संपलेले डबे. माझ्यात एक फिजिओथेरपिस्ट राहते.

मी सुखी आहे, हे सुरुवातीलाच सांगते. माझी तक्रार नाही, असंही म्हणणार होते, पण ते खरं नाही. सुख आहे आणि तक्रारही आहे. दोन्ही एका वेळी असू शकतं. घरातल्या कुठल्याही बाईला विचारा.

मला बांधलं भगवान रणपिसे यांनी. ते नागपूरहून इथे आले आणि हीथ्रो विमानतळावर लोडर म्हणून लागले. विमानाच्या पोटात वाकून शिरायचं आणि लोकांच्या बॅगा रचायच्या, हे काम. त्यांच्या पत्नी शांताबाई विमानातलं जेवण भरणाऱ्या किचनमध्ये होत्या. या दोन कामांवर त्यांनी हे घर घेतलं. पुन्हा एकदा वाचा, कारण हल्ली हे वाक्य ऐकून लोकांना थाप वाटते. लोडरने आणि किचनमधल्या बाईने, पुढे बाग आणि मागे गार्डन असलेलं घर घेतलं. त्यांना कुणी मोठं म्हटलं नाही. गल्लीत सगळ्यांनीच तसं घेतलं होतं. शेजारी बस ड्रायव्हर होता, पलीकडे पोस्टमन.

घर झालं, कर्जाचे हप्ते अंगवळणी पडले, आणि मग एका उन्हाळ्यात भगवानरावांना शेड हवीशी वाटली. विमानतळावर मालाची मोठी लाकडी खोकी फोडून टाकून देत. त्या फळ्या त्यांनी मुकादमाला विचारून आणल्या आणि सुट्टीच्या दिवशी ठोकत बसले. शांताबाई चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या.

“अहो, ही शेड आहे की होडी? एका बाजूला कलंडलीय.”

“ती नाही कलंडली. जमीन कलंडलीय.”

“जमीन काल सरळ होती.”

“काल तुम्ही चष्मा लावला नव्हता.”

मी आजही थोडी कलंडलेलीच आहे. दोष जमिनीवर ढकलायची त्यांची सवय पण तशीच आहे.

माझ्यात मेथीचं बी आलं, कोथिंबिरीच्या कुंड्या आल्या, गवत कापायचं यंत्र आलं. मुलगा प्रमोद परीक्षेच्या दिवसांत पुस्तकं घेऊन माझ्यात येऊन बसे, कारण रविवारी घरात बुद्धवंदनेला माणसं जमत आणि वंदना झाली की गप्पा संपत नसत. तो शिकला. ब्रॅकनेलला संगणकाच्या कंपनीत लागला, तिकडेच घर घेतलं, वरदाशी लग्न झालं, तनिषा झाली. बापाने बॅगा उचलल्या, मुलाने लॅपटॉप उचलला, आता नात त्याहून वर जाणार, असा या घराचा हिशेब होता. पश्चिमेकडच्या या देशाने तसं सांगितलंच होतं. शिका, राबा, पुढची पिढी एक पायरी वर.

त्या वर्षांत माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. छतातून पाणी आलं, कोळ्यांनी संसार थाटला. मला वाईट वाटलं नाही. शेडकडे दुर्लक्ष होतं याचा अर्थ घरात सगळं ठीक आहे.

मग पायऱ्या उलट्या लागल्या. प्रमोदच्या कंपनीने त्याचं काम दुसऱ्या देशात हलवलं आणि त्याला रिडन्डंट ठरवून कामावरून कमी केलं. पन्नाशी उलटलेला माणूस, मुलाखतीला जाई आणि समोरचा पोरगा त्याला “तुमचा अनुभव जरा जास्तच आहे,” असं म्हणे. कर्जावरचं व्याज वाढलं. ब्रॅकनेलचं घर विकलं. प्रमोद आणि वरदा आजोबा-आजींच्या शेजारच्या बेडरूममध्ये आले. हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारी तनिषाही भाडं परवडेना म्हणून आली आणि तिला मिळाली बॉक्स रूम. बॉक्स रूम म्हणजे घरातली सगळ्यात लहान खोली. पलंग ठेवला की दार पूर्ण उघडत नाही. कपाटातलं काही हवं असेल तर पलंगावर चढून घ्यायचं. दिवसभर लोकांच्या पाठी सरळ करणारी मुलगी पाठ दुखते म्हणून रडली, ते मी खिडकीतून पाहिलं.

त्या घरात कुणी आळशी नव्हतं, कुणी उधळ्या नव्हतं, कुणी जुगारी नव्हतं. तुम्ही जी कारणं शोधता, त्यातलं एकही नव्हतं.

मला दुरुस्त करून तनिषाला द्यायची कल्पना भगवानरावांची. माझ्या भिंतीत थंडी अडवणारं इन्सुलेशन बसवायला आलेला माणूस बोलका होता. तो म्हणाला, नदीकडच्या श्रीमंत वस्तीत त्याने हल्लीच अशाच शेड केल्या. एकीत व्यायामाची सायकल आहे, जी कुठेच जात नाही. एकीत नुसती कुत्र्याची आंघोळ होते, गरम पाण्याने. म्हणजे माझ्याच भावकीतली एक कुत्र्याला गरम पाणी देते आणि माझ्यात पदवीधर मुलीला हीटर लागतो की नाही याची चर्चा चाललेली. मी तेव्हा फळ्या करकरवल्या. वारा आहे, असं त्यांना वाटलं.

पण तनिषा राहायला आली तो दिवस! खिडकीला पिवळा पडदा, पलंग, टेबल, आणि कोपऱ्यात छोटा ओटा, सिंक, विजेची शेगडी. तिने दोन्ही हात पसरले आणि कुठेही भिंत लागली नाही, तेव्हा ती हसली. त्या हसण्यासाठी मी पुन्हा दहा वेळा गळायला तयार आहे.

“आजोबा, हा रूम किती मस्त झाला!”

“झाली,” शांताबाईंनी दुरुस्त केलं.

“झाली. माझी first proper place. Thirty-one व्या वर्षी, गार्डनमध्ये.”

“बाबासाहेब पण लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत राहून शिकले,” भगवानराव म्हणाले. दर एप्रिलला ते कॅमडेनला किंग हेन्रीज रोडच्या त्या घरी जातात आणि पाहुण्यांनाही नेतात. “तुला काय झालं?”

“आजोबा, ते स्टुडंट होते. माझं शिकून झालंय. That’s the whole point.”

आजोबा वाद सोडून पडद्याची दांडी सरळ करायला लागले. त्यांच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

आता चूक कुणाची आणि कशी झाली ते ऐका. आपल्या माणसाला घर म्हटलं की दारावर पाटी लागते. भगवानरावांनी नागपूरहून येणाऱ्या मित्राकडून पितळी पाटी करून आणली. वर मराठीत, खाली इंग्रजीत: तनिषा प्रमोद रणपिसे, एम.एस्सी., फिजिओथेरपिस्ट. नातीची पदवी दारावर नाही लावायची तर कुठे लावायची? त्यांनी ती माझ्या दारावर चार स्क्रूंनी पक्की बसवली. घरी भन्ते बोलावले, परित्राण पाठ झाला, गल्लीतल्या सगळ्यांना खीर दिली आणि सगळ्यांना मागे आणून पाटी दाखवली. प्रमोद म्हणाला, “बाबा, इथे गार्डनमधल्या शेडमध्ये राहायला परवानगी नसते. तुम्ही तर जाहिरात केलीत.”

“घराला पाटी लावतात. चोरी केलीय का आपण?”

महिन्याभरात कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. इन्स्पेक्शन.

त्या नियमाबद्दल मला खोटं बोलायचं नाही. तो नियम उगाच नाही. मागच्या रस्त्यावर माझ्यासारखीच एक होती, तिच्यात मालकाने सहा जण कोंबले होते. रॉकेलच्या हीटरने एका पहाटे आग लागली. दोघांना उचलून नेलं. नियम त्या मालकासाठी आहे. पण तो मालक वकील ठेवून सुटतो आणि नियम फिरत फिरत भगवानरावांच्या दारात येतो.

घरात बैठक बसली. तनिषाला ऑस्ट्रेलियात, पर्थमधल्या हॉस्पिटलची नोकरी चालून आली होती. तिच्या दोन मैत्रिणी आधीच तिकडे गेल्या होत्या. तिला उत्तर द्यायचं होतं. ती शांतपणे म्हणाली, “शेड गेली तर मी पर्थ घेते. बॉक्स रूममध्ये परत नाही जाणार. Sorry, आजी.” शांताबाईंनी उगाच टेबल पुसायला घेतलं. त्यांचे गुडघे तनिषाच रोज संध्याकाळी हलवून घेते. पण टेबल पुसण्याचं कारण गुडघे नव्हते.

प्रमोदने तोडगा काढला. “सोपं आहे. बाबा, कौन्सिलचं माणूस आलं की सांगायचं, होम ऑफिस आहे. पलंग काढू, पाटी काढू. तुम्ही एकच वाक्य बोलायचं.”

“मी रोज सकाळी पंचशील म्हणतो,” भगवानराव म्हणाले. “त्यातलं चौथं काय आहे?”

“बाबा, आत्ता नको.”

“खोटं बोलणार नाही, हे आहे. तू ते लहानपणी घडाघडा म्हणायचास.”

“तेव्हा माझ्याकडे घर होतं!”

पाटी निघाली नाही. पलंगही.

कौन्सिलच्या बाई आल्या. पंचविशी ओलांडलेल्या, पावसाने भिजलेल्या, हातात टॅब्लेट. त्यांनी दारावरची पाटी वाचली, फोटो काढला. प्रमोदने डोळे मिटले. बाईंनी इंग्रजीत विचारलं, “इथे कुणी राहतं का?”

“राहते. माझी नात,” भगवानराव म्हणाले. “या ना आत. चहा घेणार?”

शेगडी दिसली, सिंक दिसलं, पलंग दिसला. बाई लिहीत गेल्या. भगवानराव मात्र गप्प बसणारे नव्हेत.

“तुम्ही हेही लिहा. मी बॅगा उचलल्या आणि घर घेतलं. ही बॅगा उचलणाऱ्यांच्या पाठी बऱ्या करते आणि हिला शेड. तुमच्या फॉर्ममध्ये याला कुठे जागा आहे?”

“नाही, मिस्टर रणपिसे,” बाई ताडकन म्हणाल्या. “आणि ओरडू नका. मी आईकडे राहते, बहिणीच्या खोलीत, खालचा पलंग माझा. ही शेड माझ्या अर्ध्या खोलीपेक्षा मोठी आहे. तरी ही शेगडी लाकडी भिंतीला चिकटून आहे, आणि तुमची नात रात्री इथे झोपते. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.”

मग शांताबाई म्हणाल्या, “अहो, बरोबर बोलतेय पोरगी. चहा आणा.” कौन्सिलच्या बाईंना मराठी येत नव्हतं, तरी ते कळलं.

चहा पिता पिता बाईंनी सरळ सांगितलं. स्वतंत्र घर म्हणून चालणार नाही. शेगडी आणि सिंक काढा, वीज नीट करून घ्या, दुसरं घर वाटेल अशी पाटी काढा. मग घराचीच एक जादा खोली म्हणून परवानगीचा अर्ज करा. मुलीने जेवायला आणि आंघोळीला घरात जायचं. मंजूर होईलच असं नाही. “खोटं सांगितलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर मात्र अर्ज करायलाही मी सांगितलं नसतं,” त्या निघताना म्हणाल्या. भगवानरावांनी प्रमोदकडे असं काही पाहिलं की वरदाला हसू आवरेना.

अर्ज मंजूर व्हायला हिवाळा गेला. तोवर तनिषा घरात, बैठकीतल्या सोफ्यावर झोपली आणि पर्थवाल्यांना थोडी मुदत मागितली. मी रिकामी होते. ओटा निघाला, सिंक निघालं, पाटीही निघाली. परवानगी आली त्या दिवशी ती पायजम्यावर, उशी काखेत घेऊन गवतातून पळत आली. पर्थला तिने “यंदा नाही” असं कळवलं. नाही म्हटलं, असं मी म्हणत नाही. यंदा नाही, एवढंच.

माझी शेगडी गेली याचं आधी मला दुःख झालं. मी घर व्हायला निघाले होते, पुन्हा खोली झाले. पण आता रात्रीचं जेवण ती घरात घेते. पाच माणसं एका टेबलाशी बसतात. प्रमोदला एका शाळेत संगणक सांभाळायचं काम मिळालंय, ब्रॅकनेलपेक्षा पुष्कळ खालचं, तरी तो तिथले किस्से सांगतो. भांडणंही होतात, विशेषतः डाळीत गूळ किती यावरून. हसण्याचा आवाज माझ्यापर्यंत येतो. मग ती येते, दिवा लावते, आजीच्या गुडघ्यांसाठी नवा व्यायाम शोधत बसते. वरून विमानं जातात. मी गळत नाही. अजून काय हवं?

हेच मला विचारायला येऊ नका. वर्तमानपत्रातला एक माणूस आला होता. तीन पिढ्या एका छपराखाली, किती छान, असं लिहायचं त्याच्या मनात होतं. शांताबाईंनी त्याला विचारलं, “हौसेने एकत्र राहणं वेगळं आणि दुसरीकडे दार नाही म्हणून राहणं वेगळं. तुम्ही यातलं कुठलं लिहिणार?” तो हौसेचंच लिहून गेला. म्हणून मला बोलावं लागलं.

माझं सुख बघून तुमचं काम झालं असं समजू नका. हातपाय धड असलेल्या, शिकलेल्या, राबणाऱ्या माणसांचं गार्डनच्या टोकाला भागतंय, ही कुणाची कर्तबगारी नाही. ज्यांनी घरं साठवून ठेवलीत, आणि ज्यांनी ती साठवू दिली, त्यांना माझ्या उबेचं श्रेय मी देणार नाही. ही ऊब एका म्हाताऱ्याची, दोन बायकांची आणि थोडी माझ्या लाकडाची आहे.

मागणं एकच. तनिषा कधीतरी जाणार, ते मला माहीत आहे. ती पर्थला जाऊ नये. दोन गल्ल्या पलीकडे जावी, स्वतःच्या दाराची किल्ली फिरवून आत शिरावी, आणि आजी चालत जाऊन तिच्याकडे चहा पिऊन येऊ शकेल इतकं ते जवळ असावं. त्या दिवशी मला रिकामी करा. मी एका फळीचाही आवाज करणार नाही.